यंत्रणा बंद पडली तरी काउंटर चालू राहील का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

नागरी सहकारी बँका, पतसंस्था आणि बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांकडून आलेल्या पत्रांत सध्या एकच विचारणा आहे: डिजिटल रेझिलिअन्सचे, म्हणजे यंत्रणेला धक्का बसला तरी सेवा चालू ठेवण्याचे, सक्तीचे नियम आपल्यापर्यंत आले तर तयारी कुठून करायची? त्यांतली आठ पत्रे या अंकात घेतली आहेत. संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची बँक टिअर २ मध्ये (रिझर्व्ह बँकेने ठेवींनुसार केलेल्या चार गटांपैकी दुसऱ्यात) आहे, ठेवी साडेतीनशे कोटींच्या घरात. रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०२४ रोजी ऑपरेशनल रिस्क आणि ऑपरेशनल रेझिलिअन्सवर मार्गदर्शक टिपण काढले. ते आम्हाला लागू आहे का? सक्तीचे नसेल तर आत्ताच खर्च कशाला, असे काही संचालक म्हणतात.
— मुख्य कार्यकारी अधिकारी, नागरी सहकारी बँक, सांगली जिल्हा

लागू आहे. व्यापारी बँका, नागरी, राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका, एनबीएफसी (बिगर-बँक वित्तीय कंपन्या) या सगळ्यांसाठी ते काढलेले आहे. त्याची भाषा मार्गदर्शनाची आहे, एवढ्यापुरते संचालकांचे म्हणणे बरोबर. पण म्हणून आपल्यावर बंधनच नाही असे नव्हे. नागरी बँकांसाठीची १९ ऑक्टोबर २०१८ ची मूलभूत सायबर सुरक्षा चौकट पाळावीच लागते. ३१ डिसेंबर २०१९ ची चार पातळ्यांची चौकटही पाळावी लागते, आणि तिथे पातळी ठेवींवरून ठरत नाही. बँक डिजिटल व्यवहारांत किती खोल उतरली आहे आणि पेमेंट यंत्रणांशी किती जोडलेली आहे, त्यावरून ठरते. लहान बँकेने मोबाइल बँकिंग सुरू केले की तिच्या जबाबदाऱ्या वाढतात, आणि हेच बऱ्याच संचालक मंडळांच्या लक्षात येत नाही. शिवाय सर्ट-इनचे, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेतच.

आयटी आउटसोर्सिंगचे, म्हणजे संगणकाचे काम बाहेरच्या कंपनीकडे देण्याचे, १० एप्रिल २०२३ चे नियम मात्र टिअर ३ आणि टिअर ४ बँकांनाच लागू केलेले आहेत. १०० ते १००० कोटी ठेवींच्या टिअर २ बँका त्यातून वगळल्या आहेत. सक्ती खालच्या टिअरपर्यंत सरकलीच तर ती याच नियमांची आणि २०२४ च्या टिपणाची असेल, असे आमचे मत आहे. दोन्ही मजकूर आज हातात आहेत. त्यांच्याबरहुकूम तयारी केली तर वाया जाण्यासारखे त्यात फारसे काही नाही.

पहिले काम तर पैशांचे नाहीच. बँकेच्या महत्त्वाच्या सेवांची यादी करा. आपल्या आकाराच्या बँकेत ती आठ-दहा ओळींची होईल: रोख भरणा आणि काढणे, क्लिअरिंग, एनईएफटी-आरटीजीएस, यूपीआय आणि आयएमपीएस, एटीएम, मुदत ठेवींची परतफेड, कॅश क्रेडिट खात्यांची उचल, पिग्मी, लॉकर. प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी लिहा. ही सेवा किती वेळ बंद राहिली तर ग्राहकाचे खरे नुकसान होते. तो वेळ वर्षातल्या कोणत्या दिवशी कमी होतो. ती कोणत्या माणसांवर, सॉफ्टवेअरवर, लाइनवर आणि बाहेरच्या संस्थेवर उभी आहे. आणि त्यातले एक निखळले तर पर्याय काय.

इथे होणारी चूक ठरलेली आहे: व्हेंडरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या, माहितीपत्रकातला चार तासांचा आकडा सगळ्या ओळींपुढे उतरवला जातो. तो आकडा सर्व्हर पुन्हा सुरू होण्याचा असतो. आपल्याला हवा तो आकडा ग्राहकाच्या बाजूचा, आणि तो ग्राहकाचा पहिला व्यवहार अडला त्या क्षणापासून मोजायचा, व्हेंडरकडे तक्रार नोंदवल्यापासून नव्हे. आपल्या भागात कारखान्याचे ऊसबिल जमा होते त्या आठवड्यात रोख काढण्याची सेवा अर्धा दिवस बंद राहणे आणि जूनमधल्या एखाद्या मंगळवारी बंद राहणे, यांत मोठे अंतर आहे. पेन्शन आणि पगाराचे दिवस, ३१ मार्च, दिवाळीच्या आधीचा आठवडा हेही त्या रकान्यात यायला हवेत. ही यादी आयटी विभागाने एकट्याने करू नये. दोन शाखाधिकारी आणि एक अनुभवी कॅशिअर सोबत बसवा. कोणते काम कशावर अडते, हे त्यांना नेमके ठाऊक असते.

प्रश्न : आमचे कोअर बँकिंग (सर्व शाखांची खाती एकत्र ठेवणारी यंत्रणा) पूर्णपणे व्हेंडरच्या डेटा सेंटरवर चालते. यूपीआय, एटीएम स्पॉन्सर बँकेमार्फत, म्हणजे पेमेंट यंत्रणांशी थेट जोडलेल्या दुसऱ्या बँकेमार्फत. आमच्याकडे सर्व्हरच नाही. मग आम्ही काय तयारी करणार?
— आयटी प्रमुख, नागरी सहकारी बँक, कोल्हापूर जिल्हा

सर्व्हर आपला नाही, पण खातेदार आपले आहेत. जबाबदारी बाहेर देता येत नाही, हे आउटसोर्सिंग नियमांचे मूळ तत्त्व आहे. ३१ जुलै २०२४ ला काय झाले ते आठवा. सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा लॉक करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाल्याच्या शक्यतेवरून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला आपल्या रिटेल पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरते तोडले. सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार थांबले. तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्या बँकांच्या स्वतःच्या संगणकांवर हल्ला झालेला नव्हता. त्यांचा व्हेंडर थांबला आणि त्याबरोबर त्यांची सेवा थांबली.

तयारी तीन बाजूंनी करायची. पहिली कराराची. सध्याचा करार काढून त्यात पुढच्या गोष्टी आहेत का ते पाहा. व्हेंडरकडे घटना घडली तर त्याने आपल्याला किती वेळात कळवायचे? आउटसोर्सिंग नियमांत व्हेंडरच्या लक्षात आल्यापासून सहा तासांत रिझर्व्ह बँकेकडे नोंद पोचायची आहे, म्हणून व्हेंडरसाठी एक-दोन तासच ठेवा. आपल्याला, आपल्या ऑडिटरला आणि रिझर्व्ह बँकेला त्याच्या जागेची व नोंदींची तपासणी करता येईल का? त्याने काम पुढे कोणाकोणाला दिले आहे? डेटा सेंटर कोणाचे, बॅकअप कोण घेतो, एसएमएस कोण पाठवतो, ही नावे मागा. करार संपला किंवा कंपनी बुडाली तर आपला डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, कोणत्या खर्चाने परत मिळेल? या शेवटच्या कलमावर बहुतेक करार मोघम असतात. ‘योग्य स्वरूपात डेटा दिला जाईल’ असे वाक्य काही कामाचे नाही. टेबलांची रचना, प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि दर सहा महिन्यांनी एकदा नमुना डेटा प्रत्यक्ष देऊन दाखवणे, एवढे लिहून घ्या. चालू कराराच्या मधेच व्हेंडर ऐकत नसेल तर नूतनीकरणाची तारीख गाठा. त्यासाठी सहा महिने आधीच मसुदा पाठवावा लागतो. शेवटच्या पंधरवड्यात बँकेच्या हातात काही उरत नाही.

दुसरी बाजू डेटाच्या स्वतःच्या प्रतीची. हे काम स्वस्त आहे आणि अडचणीच्या दिवशी सर्वांत उपयोगी पडते. रोज डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद, झाल्यावर व्हेंडरकडून एक फाइल आपल्या ताब्यात आली पाहिजे. तिच्यात ग्राहक क्रमांक, खाते क्रमांक, नाव, संयुक्त खातेदार आणि सहीचा नियम, अखेरची शिल्लक, लिअन (बँकेच्या हक्कामुळे अडवलेली रक्कम) किंवा जप्तीची नोंद, कॅश क्रेडिटची मर्यादा आणि ड्रॉइंग पॉवर (तारण मालावरून ठरणारी उचल), मुदत ठेवीची तारीख, कर्जाची बाकी असावी. पन्नास हजार खात्यांची अशी फाइल साधारण २५ एमबीची होते. सह्यांच्या प्रतिमांना आणखी एखादा जीबी लागेल, पण त्या रोज नकोत. आठवड्याला नव्या आणि बदललेल्या सह्या पुरतात. फाइल एनक्रिप्ट केलेली हवी, आणि ती ठेवायचा लॅपटॉप एरवी नेटवर्कला जोडलेला नसावा. फाइल सीलबंद पेन ड्राइव्हने त्यावर न्यायची आणि नेणाऱ्याची नोंद रजिस्टरमध्ये करायची.

तिसरी बाजू त्या फाइलवर काउंटर कसे चालवायचे याच्या लेखी नियमांची. व्यवहार फक्त मूळ शाखेत करायचे, कारण दोन शाखांत एकाच शिल्लकेवर पैसे उचलले गेले तर तो घाटा बँकेचा. दर खात्याला दिवसाची मर्यादा किती, हे संचालक मंडळाने आधीच ठराव करून ठेवावे. गर्दी दारात असताना शाखाधिकाऱ्यावर हा निर्णय टाकणे अन्याय आहे. लिअन असलेली, संयुक्त सहीची आणि निष्क्रिय खाती या काळात बंद ठेवा. शेवटच्या डे-एंडनंतर यंत्रणा बंद पडेपर्यंत झालेले एटीएम आणि यूपीआय व्यवहार त्या फाइलमध्ये नसतात, म्हणून शिल्लकेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच रक्कम द्या. यंत्रणा परत आली की स्लिपा एकाने चढवायच्या, दुसऱ्याने तपासायच्या, मूल्य-तारीख (व्याज जिच्यापासून मोजायचे ती) मूळ दिवसाची टाकायची. सगळा ताळमेळ एका वेगळ्या सस्पेन्स (तात्पुरत्या नोंदींच्या) खात्यातून करा आणि ते खाते किती दिवसांत शून्यावर यायचे तेही लिहून ठेवा.

प्रश्न : रोज रात्री बॅकअप होतो आणि डीआर साइटवर (आपत्तीसाठीच्या पर्यायी केंद्रावर) रेप्लिकेशनही, म्हणजे डेटाची सतत नक्कलही, आहे. एवढे पुरेसे नाही का?
— संगणक विभाग, नागरी बँक, जळगाव जिल्हा

नाही. रेप्लिकेशन हा बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर फाइली लॉक झाल्या की काही मिनिटांत त्याच लॉक झालेल्या फाइली डीआरवर पोचतात. आगीत किंवा वीज गेल्यावर डीआर वाचवते, रॅन्समवेअरमध्ये नाही.

बॅकअप सर्व्हर मुख्य डोमेनमध्ये (एकाच प्रशासकाखालच्या संगणकांच्या जाळ्यात) जोडलेला असेल तर तो धोक्यात आहे. हल्लेखोर आधी डोमेनच्या प्रशासकाचे खाते मिळवतात, बॅकअप पुसतात, आणि मगच मूळ डेटा लॉक करतात. म्हणून बॅकअप सर्व्हर डोमेनबाहेर ठेवा, त्याचे पासवर्ड वेगळे, लॉगिनला दुसरा घटक आवश्यक. एक प्रत अशी हवी की ठरलेल्या मुदतीपर्यंत ती कोणालाच, प्रशासकालाही, पुसता येणार नाही. तशी सोय परवडत नसेल तर तीन-चार हार्ड डिस्क आलटून पालटून वापरा आणि काढलेली डिस्क तिजोरीत ठेवा. एनक्रिप्शनची किल्ली कागदावर, सीलबंद पाकिटात, जॉइंट कस्टडीत (दोघांच्या संयुक्त ताब्यात). किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवलेली असली तर बॅकअप असून नसल्यासारखाच.

मग परत चढवण्याची चाचणी. तिमाहीला एकदा, वेगळ्या यंत्रावर, नेटवर्कपासून तोडून. बॅकअप पूर्ण झाल्याचा हिरवा संदेश म्हणजे चाचणी नव्हे. डेटाबेस उघडल्यावर त्या दिवसाचे ट्रायल बॅलन्स काढा आणि डे-एंडच्या छापील प्रतीशी रुपया-पैशांत जुळवा. वेगवेगळ्या प्रकारची वीसेक खाती उघडून शिल्लक, व्याज, सही पाहा. पुढच्या दिवसाचे डे-बिगिन चालवून बघा. अडते ते बहुधा इथेच. डेटाबेस आला पण ट्रान्झॅक्शन लॉग बॅकअपमध्ये घेतलेले नव्हते, म्हणून दुपारनंतरचे व्यवहार गेले. सॉफ्टवेअरचे लायसन्स जुन्या यंत्राशी बांधलेले निघाले. अॅप्लिकेशन सर्व्हरच्या सेटिंगचा बॅकअपच नव्हता. कार्डांच्या किल्ल्या ज्या उपकरणात असतात त्याची प्रत दुसरीकडे नव्हती. या गोष्टी चाचणीत कळल्या तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

वेळेचा हिशोबही कागदावर करा. ५०० जीबीचा डेटा ५० एमबीपीएसच्या लाइनवरून आणायचा तर सेकंदाला सुमारे ६ एमबी येतात, म्हणजे २२ ते २३ तास, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर. तोच डेटा जवळच्या डिस्कवरून सेकंदाला १०० एमबीने दीड तासात चढतो. क्लाउडवर बॅकअप ठेवणाऱ्यांनी हा आकडा काढल्याशिवाय ‘चार तासांत सुरू’ असे धोरणात लिहू नये.

प्रश्न : आमचे डीआर ड्रिल दरवेळी यशस्वी होते. तरी ऑडिटरने शेरा मारला. का?
— सहायक महाव्यवस्थापक, ठाणे

ड्रिल कधी आणि कसे झाले यावर ते आहे. रविवारी सकाळी डीआरचा सर्व्हर चालू केला, दोन जणांनी लॉगिन केले, एक खाते उघडले आणि अहवाल लिहिला, तर फक्त सर्व्हर चालू होतो एवढे सिद्ध झाले. व्यापारी बँका आणि मध्यम व मोठ्या एनबीएफसींसाठीचे ७ नोव्हेंबर २०२३ चे आयटी गव्हर्नन्सचे निर्देश महत्त्वाच्या यंत्रणांचे ड्रिल किमान सहामाही मागतात. नागरी बँकेनेही तीच मोजपट्टी धरावी.

खऱ्या ड्रिलमध्ये कामाचा एक पूर्ण दिवस, डे-बिगिनपासून डे-एंडपर्यंत, डीआरवरून काढायचा. आधी दोन शाखा घ्या, पुढच्या वेळी सगळ्या. नेमके अडते ते बाहेरच्या जोडण्यांवर. स्पॉन्सर बँकेकडे, एटीएम स्विचकडे किंवा एसएमएस गेटवेकडे डीआरचा आयपी पत्ता नोंदवलेलाच नसतो, म्हणून सर्व्हर चालू असूनही व्यवहार जात नाहीत. डीआरची लाइन मुख्य लाइनच्या निम्म्या क्षमतेची घेतलेली असते आणि अकरा वाजता शाखा रांगेत अडकतात. मुख्य आणि डीआर दोन्ही लाइन एकाच कंपनीच्या एकाच केबलमधून येत असल्याचेही कधी कधी उघड होते. प्रत्येक टप्प्याची वेळ घड्याळ बघून लिहा: बंद जाहीर कधी केले, निर्णय कोणी घेतला, पहिली शाखा कधी चालू झाली, पहिला बाहेरचा व्यवहार कधी गेला. निर्णयाला लागलेला वेळ हा तांत्रिक वेळेपेक्षा मोठा निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका. डीआरवर जायचा आदेश कोण देणार आणि तो रजेवर असेल तर कोण, हे नावानिशी ठरलेले नसते.

परत येणे हा सर्वांत नाजूक भाग. दिवसभराचा नवा डेटा डीआरवर असतो. तो उलट दिशेने मुख्य सर्व्हरवर पूर्ण पोचला याची खात्री न करता मुख्य यंत्रणा सुरू केली तर त्या दिवसाचे व्यवहार जुन्या डेटाखाली गाडले जातात. व्हाउचरची संख्या आणि जीएलची (मुख्य खतावणीची) बेरीज दोन्हीकडे जुळल्याशिवाय परत येऊ नका.

प्रश्न : घटना सहा तासांत कळवायची म्हणजे नेमकी कधीपासून? आणि पूर्ण तपास झाल्याशिवाय काय कळवणार?
— अनुपालन अधिकारी, पुणे

लक्षात आल्यापासून, किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून सहा तास. सर्ट-इनच्या निर्देशांतले शब्द तसे आहेत. एखाद्या ग्राहकाने किंवा व्हेंडरने फोन केला तेव्हापासून घड्याळ चालू होते. पहिल्या खबरीत कारण सांगायचे नसते. काय बंद आहे, केव्हा दिसले, कोणत्या यंत्रणेवर, सध्या काय केले, संपर्क कोणाशी, एवढे पुरते. व्हेंडरच्या ‘मूळ कारण’ अहवालाची वाट बघत मुदत घालवणे ही यातली नेहमीची चूक आहे. रिझर्व्ह बँकेला स्वतंत्रपणे कळवायचे असते. सर्ट-इनला कळवले म्हणजे ते झाले असे नाही. ग्राहकांची माहिती फुटली असेल तर नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण) नियमांतली जबाबदारीही येईल: डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्यांना विनाविलंब, आणि मंडळाला तपशीलवार माहिती ७२ तासांत. ही कलमे अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तुमच्या कार्यपद्धतीत ती आजच घाला.

पहिल्या तासात संशयित यंत्र नेटवर्कपासून तोडा, पण बंद करू नका. बंद केले की मेमरीतला पुरावा जातो. फॉरमॅट तर मुळीच नको. ईमेल यंत्रणाही बंद असू शकते, म्हणून सर्ट-इन, रिझर्व्ह बँक, स्पॉन्सर बँक, व्हेंडर, विमा कंपनी आणि सायबर पोलिसांचे क्रमांक कागदावर, तिघांच्या घरीसुद्धा असू द्या. सुट्टीच्या दिवशी ही साखळी चालते का, ते एकदा फोन लावून बघा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा २०१८ चा हल्ला ११ ऑगस्टला, शनिवारी सुरू झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले, सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमार्फत (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून) हाँगकाँगला रक्कम गेली, आणि एकूण आकडा ९४ कोटींवर पोचला.

लॉगचे, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदींचे, विसरू नका. सर्ट-इन १८० दिवसांचे लॉग भारतात ठेवायला सांगते, आणि डीपीडीपी नियम एक वर्षाची भाषा करतात. लहान फायरवॉलच्या स्वतःच्या मेमरीत काही दिवसांचेच लॉग राहतात आणि नंतर जुन्यावर नवे लिहिले जातात. रोज २ जीबी धरले तर वर्षाचे ७३० जीबी होतात. वेगळ्या लॉग सर्व्हरवर थेट वर्षाची सोय करा. सगळ्या यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळलेली हवीत, कारण फायरवॉल सात मिनिटे मागे आणि सर्व्हर तीन मिनिटे पुढे असेल तर घटनाक्रमच लागत नाही.

प्रश्न : आमची पतसंस्था आहे, रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. मग हे आमच्यासाठी नाहीच ना?
— सचिव, नागरी पतसंस्था, अहिल्यानगर जिल्हा

पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतात, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या चौकटी थेट लागू नाहीत. सर्ट-इनचे निर्देश आणि डीपीडीपी कायदा मात्र संस्थेला टळत नाहीत. शिवाय क्यूआर किंवा आयएमपीएस ज्या बँकेमार्फत देता, ती बँक आपल्यावरच्या अटी तुमच्या करारात घालणार.

तुमचा सर्वांत कच्चा दुवा बहुधा पिग्मी आहे. एजंटच्या फोनमध्ये शेकडो खातेदारांची नावे आणि शिल्लक असते, फोन घरच्यांच्याही हातात असतो. त्यावर स्क्रीन लॉक, अॅपला वेगळा पिन, हरवल्यास दूरस्थ पुसण्याची सोय, आणि रोजच्या रोज डेटा उतरवून फोनमधून काढून टाकणे एवढे सक्तीचे करा. दुसरे, कार्यालयातल्या एकाच संगणकावर सॉफ्टवेअर, ईमेल आणि इंटरनेट एकत्र चालत असेल तर आजच वेगळे करा. बॅकअपबाबत जळगावच्या पत्राला दिलेले उत्तर तुम्हालाही जसेच्या तसे लागू आहे.

प्रश्न : आमची कंपनी युरोपातल्या दोन बँकांसाठी कर्ज-प्रक्रियेचे सॉफ्टवेअर सांभाळते. दोघांनी ‘डोरा’चे पुरवणी करार पाठवले आहेत. आम्ही भारतीय कंपनी, आमच्यावर हा कायदा चालतो का?
— संचालक, सॉफ्टवेअर कंपनी, पुणे

थेट नाही, करारातून चालतो. डोरा हा वित्तसंस्थांच्या डिजिटल रेझिलिअन्ससाठीचा युरोपीय संघाचा २०२२/२५५४ क्रमांकाचा नियम, १७ जानेवारी २०२५ पासून लागू. युरोपीय पर्यवेक्षकांची थेट देखरेख त्यांनी ‘महत्त्वाचे’ ठरवलेल्या पुरवठादारांवरच असते. नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या यादीत १९ नावे होती आणि त्यांत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचेही आहे. तुमच्यासारख्यांपर्यंत तो ३० व्या कलमातून पोचतो, कारण बँकेने पुरवठादाराशी कोणत्या अटींवर करार करायचा ते त्यात आहे.

सही करण्याआधी तीन ठिकाणी थांबा. एक, घटना कळवण्याची मुदत. मोठी घटना ठरल्यापासून चार तासांत आणि माहिती झाल्यापासून २४ तासांच्या आत बँकेला पहिली खबर द्यायची असते. म्हणून ती तुमच्याकडे एक-दोन तास मागेल. पुण्यात रात्रपाळीला निर्णय घेणारा माणूस नसेल तर ही अट पाळता येणार नाही. माणूस नेमा, मग सही करा. दोन, उप-कंत्राटदार. काम महत्त्वाच्या कार्यासाठी असेल तर बँकेला तिच्या माहिती-नोंदवहीत त्याला आधार देणाऱ्या उप-कंत्राटदारांची साखळीही भरावी लागते, म्हणून तुमचा क्लाउड पुरवठादार, बाहेरून घेतलेले टेस्टर, सगळ्यांची यादी आणि डेटा कोणत्या देशात ठेवला जातो ते द्यावे लागेल, आणि बदल आधी कळवावा लागेल. तीन, तपासणीचा हक्क. काम महत्त्वाच्या कार्यासाठी असेल तर बँकेला प्रत्यक्ष येऊन तपासण्याचा अनिर्बंध हक्क द्यावा लागतो. तुमच्या भाड्याच्या कार्यालयाचा किंवा क्लाउडचा करार त्याच्या आड येत नाही ना, ते पाहा. करारातून बाहेर पडण्याच्या काळात किती महिने, कोणत्या दराने मदत करायची, हा आकडा मोकळा सोडू नका.

प्रश्न : यंत्रणा बंद असताना हाताने काम करायचे तर शाखेत काय आणि किती साहित्य ठेवावे?
— शाखाधिकारी, सातारा जिल्हा

तीन दिवसांचे धरा. दिवसाला १५० रोख व्यवहार असतील तर ४५० अधिक थोडे जास्त, म्हणजे ५०० तिहेरी स्लिपा: एक ग्राहकाला, एक कॅशिअरकडे, एक पुन्हा नोंदीसाठी. स्लिपांवर शाखेचा संकेतांक आणि छापील अनुक्रमांक हवा, नाहीतर नंतर एकच स्लिप दोनदा चढते किंवा एखादी राहून जाते. रोखीच्या नोंदीला दोन बांधीव रजिस्टरे, शिक्का, कार्बन, चार्ज केलेली बॅटरी असलेला प्रिंटर आणि लॅपटॉप. दारात लावायची मराठी सूचना आधीच छापून ठेवा: कोणत्या सेवा चालू, कोणत्या बंद, दिवसाची मर्यादा किती, चौकशी कोणाकडे. रोख शिल्लकेची मर्यादा नेहमीचीच पुरेल असे समजू नका. एटीएम आणि यूपीआय बंद पडले की तो सगळा भार काउंटरवर येतो, म्हणून जादा रोख कुठून आणि किती वेळात येईल ते करन्सी चेस्टशी (रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा साठवणाऱ्या केंद्राशी) किंवा मुख्य कार्यालयाशी आधी बोलून लेखी घ्या. वर्षातून दोनदा दुपारचा एक तास, यंत्रणा चालू असतानाच, दोन कर्मचाऱ्यांना या स्लिपांवर काम करायला लावा. कोअर बँकिंग आल्यानंतर नोकरीला लागलेल्यांनी हाताने खतावणी केलेली नाही, आणि स्लिपेवरचा कोणता रकाना समजत नाही ते त्या एका तासात कळते.